ते चौकोन चंद्रावरचे नाहीत

चांद्रयानाचे नवे छायाचित्र प्रसिद्ध झाले की ते हजारो हातांतून फिरते आणि पुन्हा पुन्हा जतन होताना झिजत जाते. मग कोणीतरी ते मोठे करून त्यात चौकोनी ‘बांधकाम’ शोधतो. ते चौकोन बहुधा जेपेगचे असतात.

१.२ कोटी बिंदूंचे रंगीत छायाचित्र, प्रत्येक बिंदूला ३ बाइट धरल्यास, ३६ मेगाबाइट भरते. जेपेग पद्धत त्याचे ८ × ८ बिंदूंचे तुकडे पाडते, प्रत्येक तुकड्याचे ‘डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्म’ घेते आणि डोळ्यांना फारसे न जाणवणारे बारीक चढउतार ठोकळमानाने नोंदवते. माहिती मुख्यतः गळते ती या शेवटच्या पायरीत. संक्षेप अति झाला की तुकड्यांच्या कडा उघड्या पडतात. (हे रूपांतर १९७४च्या शोधनिबंधात मांडणारे नासिर अहमद मूळचे बंगळूरचे; टी. नटराजन व के. आर. राव हे सहलेखक. चंद्राच्या चित्रावर हळहळणाऱ्यांना ही नावे क्वचितच आठवतात.)

संक्षेप वाईट नव्हे. त्याच्याविना ते चित्र खेड्यातल्या विद्यार्थ्याच्या मोबाइलवर पोहोचणेही कठीण होते. आक्षेप आहे तो अशा झिजलेल्या प्रतीवरून खडकाची सावली किंवा पृष्ठभागाची चमक मोजण्याला. चांद्रयान-२ची निरीक्षणे इस्रोच्या ‘प्रदान’ संकेतस्थळावर नोंदणी करून उतरवून घेता येतात. विज्ञानवार्ता देणाऱ्यांनी चित्राखाली तो दुवा द्यायलाच हवा. आणि प्रयोगवहीतले स्वतःचे छायाचित्र पाठवायचे असेल, तर विद्यार्थ्यांनी लहान प्रत दर वेळी मूळ फाइलीवरूनच काढावी; आधीच्या लहान प्रतीवरून नव्हे.