दार उघडले, रांग उरली

आषाढात ज्ञानेश्वरांची पालखी सोलापूर जिल्ह्यात प्रवेश करते आणि नातेपुत्याला मुक्कामी येते. त्या रात्री मिळेल त्या मोकळ्या जागेत शेतमजूर आणि बागायतदार शेजारी-शेजारी पथारी टाकतात. वाटेवरची ही समता निर्भेळ नसेल. पण जेवढी आहे तेवढी तरी विठोबाच्या दारात टिकते काय?

चोखोबांची समाधी महाद्वारासमोर आहे, मंदिराच्या आत नव्हे. ते दार अस्पृश्यांना उघडावे म्हणून साने गुरुजींनी १ मे १९४७ रोजी पंढरपुरात उपोषण आरंभिले. १० मे रोजी ते सुटले. त्याच दहा दिवसांत, ३ मे रोजी, जपानची नवी राज्यघटना अमलात आली. शिंतो देवस्थानांना मिळणारा राजाश्रय १९४५ च्या अखेरीसच संपला होता. सार्वजनिक पैसा धर्मसंस्थांवर खर्च करण्यास मनाई झाली. टोकियोतील मेइजी देवस्थान १९४५च्या हवाई हल्ल्यांत जळाले होते. १९५८ साली ते लोकवर्गणीतून पुन्हा उभे राहिले. राजाश्रय गेला म्हणून भाविक गेले नाहीत.

तेव्हा येथेही शासनाने मंदिरातून अंग काढून घ्यावे, असा निष्कर्ष कोणी काढील. तो घाईचा ठरेल. जपानमध्ये देवस्थाने शासनाच्या मुठीत होती. पंढरपुरात मंदिर बडवे-उत्पातांच्या वंशपरंपरागत हक्कात अडकले होते. ते हक्क नष्ट करणारा कायदा विधिमंडळाने १९७३ मध्ये केला आणि सर्वोच्च न्यायालयाचा अंतिम निर्णय यायला २०१४ साल उजाडले. भाविकाची दक्षिणा ही कोणा घराण्याची मिळकत नव्हे, हे ठरवायला चार दशके लागली. शासनाचा हात नसता तर तेही झाले नसते.

परंतु दार उघडून देणे निराळे आणि दारात पहिला मान घेणे निराळे. आषाढी एकादशीच्या पहाटे मुख्यमंत्री शासकीय महापूजा करतात. रांगेतील एका वारकरी दांपत्याला त्या पूजेत सोबत घेतले जाते. बाकीची रांग तिष्ठत राहते. जन्माने मिळणारा अग्रमान कायद्याने गेला. पदाने मिळणारा मात्र कायद्याच्याच रखवालदाराकडे आला.

शासनाने हिशेब तपासावेत, भेदभाव रोखावा, वारीच्या वाटेवर पाणी आणि शौचालये पुरवावीत. ते त्याचे कर्तव्यच आहे. मुख्यमंत्र्यांना दर्शन हवे असेल तर नातेपुत्याहून चालत आलेल्या मजुराच्या मागे रांगेत जागा आहे. गुरुजींनी उघडलेल्या दारातून तेवढे अंतर चालणे अजून बाकी आहे.