गिऱ्हाइकाची साडी आणि मशीनचा विमा

२० सप्टेंबर २०२४ रोजी वर्ध्याच्या स्वावलंबी मैदानावर पीएम विश्वकर्मा योजनेच्या पहिल्या वर्षपूर्तीचा राष्ट्रीय कार्यक्रम झाला. पंतप्रधान आले, प्रमाणपत्रे दिली गेली, कर्जाचे वाटप झाले. योजनेतल्या अठरा पारंपरिक व्यवसायांत शिंपीकाम आहे, म्हणून या कार्यक्रमाकडे शिलाईच्या धंद्यातल्या लोकांचे खास लक्ष होते. नोंदणी झालेल्या कारागिराला अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंतचे ई-व्हाउचर मिळते. पहिल्या टप्प्यात एक लाख आणि दुसऱ्या टप्प्यात दोन लाखांपर्यंतचे कर्ज पाच टक्के व्याजाने मिळू शकते. ओळख, प्रशिक्षण, अवजारे, कर्ज, डिजिटल व्यवहाराला प्रोत्साहन आणि विक्रीला मदत असे योजनेचे सहा घटक आहेत. मिळालेल्या अवजाराचा विमा या सहांत कुठेच नाही.

तो असायलाच हवा होता, असा या मासिकाचा आग्रह नाही. पण मशीन घरात येते त्या दिवसापासून तिची जोखीम कोणावर, हा प्रश्न वर्धा जिल्ह्यातल्या शिलाई व्यावसायिकांनी आता तरी विचारायला हवा. जुलै २०२२ च्या अतिवृष्टीत हिंगणघाटला वणा नदीचे पाणी वस्तीत शिरले होते. अशा पुरात मशीनचे डोके उचलून माळ्यावर ठेवता येते, पण मोटर, लाकडी टेबल, इस्त्री आणि कापडाचे गठ्ठे खालीच राहतात. त्यानंतर शासनाची मदत किती? राज्य आपत्ती प्रतिसाद निधीच्या २०२२ ते २०२६ च्या निकषांत हस्तकला आणि हातमाग कारागिरांना अवजारांच्या नुकसानीपोटी ५,००० रुपये आणि कच्चा वा तयार माल गेल्यास आणखी ५,००० रुपये आहेत. तेही सक्षम अधिकाऱ्याने नुकसान प्रमाणित केल्यावर. पिको-फॉल करणारी किंवा ब्लाऊज शिवणारी बाई हस्तकला कारागिरांत मोडते का, यावर तलाठ्याशी वाद घालायला वेळ असेल तर तिने तो अवश्य घालावा.

वर्ध्याच्या एका जुन्या रहिवाशाचा इथे उल्लेख करायला हरकत नाही. यंत्रांबद्दल साशंक असलेल्या गांधीजींनी १९२४ साली जी. रामचंद्रन यांच्याशी बोलताना सिंगरच्या शिलाई मशीनचा अपवाद केला होता. बायकोला हाताने टाके घालताना पाहून सिंगरने प्रेमापोटी हे यंत्र काढले, असेही त्यांनी सांगितले. खरा आयझॅक सिंगर इतका भाबडा नवरा नव्हता, हे त्याचे चरित्र वाचले की कळते. असो. घरात मावणारे आणि घरातल्या माणसाला कमाई देणारे यंत्र म्हणून तेव्हा ज्या मशीनला सूट मिळाली, तिचाच व्याप आता वाढला आहे. एका खोलीत पॉवर मशीन, ओव्हरलॉक, पिकोची मशीन, कटिंगचे टेबल, स्टीम इस्त्री आणि गोधड्यांसाठी भरून ठेवलेली रुई असते. दोन-अडीच लाखांचा ऐवज ‘घरी थोडंफार शिवते’ या वाक्याखाली झाकला जातो.

घराचा विमा आहे, मग मशीनचाही असेलच, अशी अनेकींची समजूत असते. १ एप्रिल २०२१ पासून सगळ्या सामान्य विमा कंपन्यांना ‘भारत गृह रक्षा’ ही ठरावीक नमुन्याची पॉलिसी द्यावी लागते. तीत घराच्या इमारतीबरोबर घरातल्या सामानालाही संरक्षण आहे. इमारतीच्या विमा रकमेच्या २० टक्के, कमाल १० लाख रुपयांपर्यंत, सामानाची वेगळी यादी न देताही. मात्र हे संरक्षण राहत्या घराचे आहे. मुलांचे कपडे शिवायला ठेवलेली मशीन घरातले सामान ठरेल. तीच मशीन लग्नसराईत रोज आठ तास गिऱ्हाइकांचे काम करत असेल, बाहेर पाटी असेल आणि समोरच्या खोलीत दुसऱ्यांचे कपडे लटकत असतील, तर दाव्याच्या वेळी नुकसान तपासायला येणाऱ्या सर्व्हेअरचा पहिला प्रश्न वापराबद्दल असणार. घराचा वापर बदलला हे कंपनीला कळवले नसेल, तर त्या प्रश्नाचे उत्तर अवघड जाते.

इथे एक गंमत आहे. महाराष्ट्राच्या वीजदरांत हा घरातला धंदा केव्हाच ओळखला गेला आहे. राहत्या घराच्या काही भागात व्यवसाय करणाऱ्याचा वापर महिन्याला ३०० युनिट आणि मागच्या आर्थिक वर्षात ३,६०० युनिटांच्या आत असेल, तर त्याला घरगुती दरच लागू होतो, अशी तरतूद वीज नियामक आयोगाच्या दरआदेशात आहे. म्हणजे मीटरच्या हिशेबात घर आणि धंदा एकत्र नांदू शकतात. विम्याच्या कागदावर मात्र दोघांची फारकत करून ठेवावी लागते, आणि ती आधीच करावी लागते.

त्यासाठीचा कागद उपलब्ध आहे. एका ठिकाणची एकूण मालमत्ता पाच कोटींपर्यंत असलेल्या उद्योगांसाठी ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ ही पॉलिसी त्याच दिवशी, १ एप्रिल २०२१ ला, लागू झाली. पाच कोटींचा आकडा पाहून दचकू नये. ती वरची मर्यादा आहे. आग, स्फोट, वीज कोसळणे, वादळ, पूर, भूकंप, दंगल, वाहनाची धडक, पाण्याची टाकी फुटणे ही जोखीम तीत येते. घराचीच एक खोली असली तरी व्यवसायाची जागा म्हणून ती दाखवता येते. वस्तू व सेवा कर क्रमांक नसणाऱ्यांसाठी जानेवारी २०२३ पासून ‘उद्यम असिस्ट’ची सोय आहे, आणि त्यावरचे प्रमाणपत्र विनामूल्य मिळते. ‘आमचा काही धंदा नाही, घरचंच आहे’ असे म्हणणाऱ्या बाईजवळ धंद्याचा पहिला पुरावा म्हणून हा कागद असला पाहिजे.

आता जे मिळत नाही ते. चोरीचे संरक्षण या पॉलिसीत जवळजवळ नाहीच: आग किंवा पुरासारखी विम्यातली घटना घडली आणि त्यानंतर सात दिवसांत सामान चोरीला गेले, तरच ते धरले जाते. एरवीच्या घरफोडीसाठी वेगळे संरक्षण घ्यावे लागते, आणि तिथे कुलूप किंवा दार फोडल्याची खूण आणि पोलिसांतली फिर्याद लागते. दुपारी दार उघडे टाकून शेजारी गेले असताना इस्त्री गेली, तर पैसे येतील ही आशा सोडावी.

दुसरे, मोटर. विजेचा दाब वर-खाली झाल्याने मशीनची मोटर किंवा कॉम्प्युटर एम्ब्रॉयडरी मशीनचे सर्किट बोर्ड जळाले, तर ते त्या यंत्राचे विद्युत नुकसान ठरते आणि आगीच्या विम्यात बसत नाही. त्या ठिणगीने आग पसरून शेजारची मशीन आणि कापड जळाले, तर ते बसते. ज्या यंत्रापासून सुरुवात झाली ते बाहेर, त्याने जाळलेले आत! यंत्रातल्या बिघाडाचे स्वतंत्र विमे असतात, पण एका-दोन साध्या मशीनसाठी ते सहसा परवडत नाहीत. चांगला स्टॅबिलायझर आणि अर्थिंग यांवरचा खर्च इथे जास्त उपयोगी पडतो. कवेलूच्या छपरातून रोज थोडे थोडे झिरपणारे पाणी आणि उंदरांनी कुरतडलेली रुई यांचीही भरपाई मिळत नाही. पूर म्हणजे पूर. गळके छप्पर म्हणजे देखभालीचा प्रश्न.

मशीनपेक्षा मोठी जोखीम मात्र खुंटीला टांगलेली असते, आणि तिच्याविषयी बोलणे सर्वांत कमी होते. घरगुती शिलाई व्यवसायात कोणत्याही दिवशी बाईच्या स्वतःच्या मालापेक्षा गिऱ्हाइकांचा माल जास्त असतो. फॉल-पिकोला आलेली एकच पैठणी नव्या पायमशीनपेक्षा महाग असू शकते. वैशाखात अशा पंधरा-वीस साड्या, नवरीचे ब्लाऊज, कोणाची शेरवानी, कोणाच्या गोधडीसाठी दिलेल्या जुन्या लुगड्यांचा गठ्ठा एकाच कपाटात असतो. हा दुसऱ्याचा माल विश्वासाने ताब्यात घेतलेला असतो. पॉलिसीत तो स्पष्ट लिहून घेतल्याशिवाय त्याची भरपाई गृहीत धरता येत नाही. विमा प्रस्तावात ‘शिलाईसाठी ताब्यात असलेला गिऱ्हाइकांचा माल’ अशी वेगळी ओळ आणि वेगळी रक्कम मागून घेतली पाहिजे. एजंट ‘स्टॉकमध्येच येतं ते’ म्हणाला, तर त्याच्याकडून तसे लेखी घ्यावे.

ही ओळ किती महत्त्वाची आहे ते २०२४-२५ च्या शालेय गणवेशांनी दाखवून दिले. ‘एक राज्य, एक गणवेश’ धोरणात कापड मध्यवर्ती पातळीवर कापून आले आणि शिलाई महिला आर्थिक विकास महामंडळामार्फत बचत गटांकडे गेली. त्या वर्षी उशिराची, मापांची आणि कापडाच्या दर्जाची ओरड झाली, आणि पुढे डिसेंबर २०२४ मध्ये शासनाने गणवेशाचे काम पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे देण्याचे ठरवले. या सगळ्या चर्चेत कापलेले कापड बायकांच्या घरी पडून असताना त्याला आग लागली किंवा पाणी लागले तर ते कोणाच्या खात्यात, हा प्रश्न ऐरणीवर आला नाही. गटाने मोठे काम अंगावर घेताना करारात हा मुद्दा लिहून घ्यावा: माल पोहोचल्यापासून परत जाईपर्यंत त्याचा विमा कोण काढणार?

गोधडीचे प्रकरण अजून नाजूक आहे. आजीच्या नऊवारीची गोधडी जळाली, तर विमा कंपनी जुन्या कापडाची किंमत पाहील. गिऱ्हाईक ती पाहणार नाही. या दोहोंमधले अंतर कोणतीही पॉलिसी भरत नाही. माल घेताना पावतीवर परस्पर मान्य किंमत लिहिणे एवढेच हातात आहे. पुष्कळ टेलर पावतीच देत नाहीत. मापे वहीत, नाव चिंधीवर, रक्कम डोक्यात. सर्व्हेअरसमोर डोक्यातल्या रकमेला मोल नसते.

रकमेचा विषय निघालाच आहे तर प्रीमियम वाचवण्यासाठी किंमत कमी लावण्याच्या सवयीबद्दल. समजा, खोलीतला एकूण ऐवज दोन लाखांचा आहे आणि विमा एक लाखाचा काढला. पुरात साठ हजारांचे नुकसान झाले. एक लाखाचा विमा आहे म्हणजे साठ हजार पूर्ण मिळतील, असे वाटते. मिळतात तीस हजार, कारण निम्मी जोखीम बाईने स्वतःकडे ठेवली असे कंपनी धरते. सूक्ष्म उद्यमच्या पॉलिसीत १५ टक्क्यांपर्यंतची तूट माफ आहे, त्यापुढची नाही. म्हणून मशीनची रक्कम लावताना दहा वर्षांपूर्वीचे बिल काढून बसू नये. तशीच नवी मशीन आज वर्ध्याच्या बाजारात कितीला मिळते ते विचारावे. प्रीमियमवर १८ टक्के वस्तू व सेवा कर लागतो. सप्टेंबर २०२५ मध्ये माफी मिळाली ती वैयक्तिक आयुर्विम्याला आणि आरोग्य विम्याला.

ज्यांनी मुद्रा किंवा विश्वकर्माचे कर्ज घेतले आहे त्यांनी आधी बँकेचे पासबुक तपासावे. कर्जातून घेतलेल्या यंत्राचा विमा बँकेने परस्पर काढून प्रीमियम खात्यातून वळता केलेला असू शकतो. पॉलिसीची प्रत मागण्याचा हक्क कर्जदाराला आहे. ती हातात आली की तीन गोष्टी पाहाव्यात: पत्ता बरोबर आहे का, यंत्राचे वर्णन आहे का, आणि बँकेचे कलम आहे का. ते कलम असेल तर दाव्याची रक्कम आधी बँकेकडे जाते. पत्ता फार महत्त्वाचा आहे, कारण हा विमा जागेला बांधलेला असतो. सेलूची मशीन माहेरी आर्वीला नेली आणि तिथे जळाली, तर सेलूच्या पत्त्यावरची पॉलिसी कामाला येत नाही. प्रदर्शनाला माल नेणाऱ्या गोधडीवाल्यांनीही हे कंपनीला आधी विचारावे.

मग सगळ्यांनीच विमा काढावा का? एक पायमशीन, महिन्याला चार-सहा ब्लाऊज, गिऱ्हाईक गल्लीतलेच, अशा बाईला या मासिकाचा सल्ला ‘नाही’ असाच राहील. तिने प्रीमियमइतकी रक्कम टपाल खात्यात वेगळी टाकावी, आणि २० रुपयांचा पंतप्रधान सुरक्षा बिमा योजनेचा अपघात विमा मात्र चुकवू नये. तिच्या धंद्यात मशीनपेक्षा हात महाग आहेत. पण जिथे तीन-चार मशीन आहेत, मदतीला मुली येतात, कर्जाचा हप्ता चालू आहे आणि लग्नसराईत कपाट भरते, तिथे विम्याशिवाय राहणे हा जुगार आहे.

मधल्या अनेक जणींसाठी एकेकटीने कंपनीचे दार ठोठावणे अवघडच. तीस हजारांच्या मशीनसाठी कंपनीच्या माणसालाही फारसा उत्साह नसतो. हे काम ‘उमेद’ अभियानातल्या बचत गटांच्या ग्राम संघांनी आणि प्रभाग संघांनी हाती घेण्यासारखे आहे. प्रभागातल्या शिलाई करणाऱ्या सदस्यांची एकच यादी करावी: नाव, घराचा पत्ता, यंत्र, अनुक्रमांक, आजची किंमत, गिऱ्हाइकांच्या मालाची कमाल रक्कम. ती घेऊन न्यू इंडिया, युनायटेड इंडिया, ओरिएंटल, नॅशनल या सरकारी कंपन्यांकडे आणि एखाद-दोन खासगी कंपन्यांकडे लेखी दर मागावेत. शंभर पत्त्यांची यादी समोर आली की बोलणे वेगळ्या सुरात होते. यादीतले बिल कोणाच्या नावावर आहे हेही पाहावे. नमुना आठवर घर सासऱ्याचे, बिल नवऱ्याचे आणि धंदा सुनेचा, अशी स्थिती घरोघरी आहे. पुढची मशीन घेताना बिल शिवणाऱ्या बाईच्या नावाने करायला पैसे पडत नाहीत.

दावा करायची वेळ आली तर कंपनीला लगेच कळवावे आणि सर्व्हेअर येईपर्यंत जळके-भिजके काही फेकू नये. विमा नियामक इर्डाईच्या जून २०२४ च्या परिपत्रकानुसार दाव्याची सूचना मिळाल्यावर २४ तासांत सर्व्हेअर नेमणे, त्याने १५ दिवसांत अहवाल देणे आणि त्यानंतर सात दिवसांत कंपनीने निर्णय कळवणे अपेक्षित आहे. उशीर झाला तर १५५२५५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते. पुढे विमा लोकपाल आहेत आणि सूक्ष्म उद्योगांचीही प्रकरणे ते ऐकतात.

ज्या वाचकांनी शिलाई मशीनचा किंवा गिऱ्हाइकांच्या मालाचा विमा घेतला आहे, किंवा ज्यांना तो नाकारला गेला आहे, त्यांनी पॉलिसीची किंवा नकाराच्या पत्राची प्रत नाव झाकून संपादकांकडे पाठवावी. गिऱ्हाइकांच्या मालाची ओळ कोणती कंपनी कोणत्या शब्दांत लिहून देते, याचा तक्ता लग्नसराईच्या आधीच्या अंकात छापण्याचा विचार आहे.