भाषणं पुण्यातच राहू द्या

नव्या अंकाच्या प्रकाशनाचा आपल्याकडे एक ठरलेला क्रम आहे. दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ, लांबलेलं प्रास्ताविक, मग प्रमुख पाहुणे. पाहुणे प्रांजळपणे सांगतात की अंक आत्ताच हाती आला, चाळला, देखणा झाला आहे. त्यानंतर ते वाचनसंस्कृतीच्या ऱ्हासावर अर्धा तास बोलतात. अध्यक्ष त्यात आणखी अर्ध्या तासाची भर घालतात. दोन तास संपतात, पण ज्या अंकासाठी सगळे जमले त्यातली एक ओळही कुणी मोठ्यानं वाचलेली नसते. का. र. मित्रांनी ‘मनोरंजन’चा पहिला दिवाळी अंक काढला १९०९ साली. त्याला शंभराहून अधिक वर्षं झाली. एवढ्या काळात अंकांचे कागद बदलले, मुखपृष्ठं बदलली, छपाई बदलली. समारंभाच्या बाबतीत मात्र आपण भलतेच परंपरानिष्ठ निघालो.

अलीकडे त्यावर उतारा म्हणून अभिवाचन आणि गाणं जोडलं जातं, हे चांगलंच आहे. आमचं म्हणणं एवढंच की असा एखादा कार्यक्रम पुण्याच्या सभागृहातून उचलून भोरला किंवा वेल्ह्याला न्यावा. वेल्हे म्हणजे सरकारी कागदांवरचा आताचा राजगड तालुका. अंतर म्हणाल तर कापूरहोळला वळलं की भोर, नसरापूरवरून मार्गासनीकडे निघालं की वेल्हे. सकाळी निघालेला माणूस रात्री घरी पोचतो. राजगड-तोरण्याच्या चढाईसाठी शनिवार-रविवारी निम्मं पुणं याच रस्त्यानं येतं. भोरचा राजवाडा सिनेमावाल्यांना पाठ आहे. मराठी साहित्यालाही हा मुलुख हवा असतो, पण तो देखावा म्हणून. मावळे इथले, गड इथले, कादंबऱ्या मात्र छापायच्या, प्रकाशित करायच्या आणि विकायच्या पुण्या-मुंबईत.

गावात वाचक कुठे, हा प्रश्न लगेच येईल. २०११च्या जनगणनेत अख्ख्या वेल्हे तालुक्याची लोकसंख्या ५५ हजारांच्या आत होती, हे खरं. पण मासिकाला शहरच लागतं हा समज १९२० साली किर्लोस्करवाडीनं खोटा ठरवला. माळावरच्या कारखान्याच्या वसाहतीतून ‘किर्लोस्कर खबर’ निघालं आणि पुढे ‘किर्लोस्कर’ म्हणून घरोघरी गेलं. ‘अस्मितादर्श’ औरंगाबादेतून चाललं, ‘कवितारती’ धुळ्यातून. अंक गावाकडून शहरात जाऊ शकतो, तर एका संध्याकाळपुरता शहरातून गावात यायला काय हरकत आहे?

गाण्याच्या बाबतीत मात्र आयोजकांशी थोडं भांडायला हवं. कविता आणि गाणं एका व्यासपीठावर आणण्याचा आपला अनुभव जुना आहे. १९२३ साली पुण्यात रविकिरण मंडळ स्थापन झालं. त्यातले यशवंत, गिरीश आपल्या कविता गाऊन म्हणत, आणि त्या गायनानं कविता शाळकरी पुस्तकांबाहेर पडून लोकांच्या ओठांवर आली. हे श्रेय त्यांना द्यावंच लागतं. पण चाल गोड लागली की शब्द कच्चा असला तरी खपून जातो, हेही त्याच काळात कळलं. अत्र्यांच्या ‘झेंडूची फुले’ या विडंबनसंग्रहाला १९२५ साली एवढा हशा मिळाला तो उगाच नव्हे. पुढे करंदीकर, बापट, पाडगावकर या तिघांनी गावोगाव काव्यवाचन केलं ते पेटी-तबल्यावाचून. तरी सभागृहं भरली. तेव्हा वाचणाऱ्याच्या मागे हळूच बासरी सोडायची, कवितेच्या दोन कडव्यांमध्ये तबल्याची थाप घालायची, हे प्रकार बंद व्हावेत. कविता कोरडीच वाचा. कथा वाचायची तर लेखकानं स्वतः वाचावी, अडखळला तरी चालेल. गाण्याला त्याचा वेगळा, पुरा वेळ द्या.

आणि गाणारे पुण्याहून गाडीत घालून आणू नका! या खोऱ्यांत भजनी मंडळ नाही असं गाव शोधावं लागेल. भारूड आहे, जागरण-गोंधळ आहे, वरच्या पठारांवरच्या धनगरवाड्यांत गजी ढोल आहे. भोरच्या राजवाड्यातल्या रामनवमीच्या उत्सवानं इथल्या कानांना कीर्तनाची सवय लावलेली आहे. हे श्रोते गाणं ऐकायला शिकायचे बाकी नाहीत. शब्द कुठे पडला, चाल कुठे ढळली, हे त्यांना आपल्या पाहुण्यांपेक्षा आधी कळतं.

बायकांच्या जात्यावरच्या ओव्या तर या डोंगरपट्ट्याची खरी ग्रंथसंपदा. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी पुणे जिल्ह्याच्या डोंगरी भागापासून सुरुवात करून महाराष्ट्रभरच्या गावांमधून लाखाच्या वर ओव्या गोळा केल्या, आणि त्या गोळा करताना एक शिस्त पाळली. ओवीबरोबर गाणारीचं नाव आणि गाव नोंदवलं. आपल्या साहित्यिक नियतकालिकांना एवढी साधी गोष्ट अजून जमलेली नाही. कवीचा परिचय दहा ओळींचा, पुरस्कारांच्या यादीसकट. आणि मंचावर गायलेल्या बाईंचा उल्लेख ‘स्थानिक महिलांनी पारंपरिक गीते सादर केली’ एवढाच. तिच्या ओवीत तिनं स्वतः बांधलेली ओळ असू शकते, ही शक्यता संपादकांच्या मनाला शिवत नाही. तिची ओवी अंकाच्या अनुक्रमणिकेत कवितेच्या शेजारी छापा, खाली नाव-गाव घाला, आणि कवीला देता तेवढंच मानधन तिलाही द्या. (कवीला काहीच देत नसाल तर आधी तिथून सुरुवात करा.)

कविता आणि लोकांचं गाणं शेजारी बसू शकतं, हे लघुनियतकालिकांच्या पिढीला कळत होतं. १९५४ साली ‘शब्द’ काढणाऱ्यांपैकी अरुण कोलटकर पुढे अर्जुन शेजवळांकडे पखवाज शिकले आणि बळवंतबुवा या भजनी गायकाच्या संगतीत वर्षानुवर्षं रमले. आधुनिक कवी भजनाच्या बैठकीत मांडी घालून बसला म्हणून त्याची आधुनिकता काही पातळ झाली नाही.

आता तारखेचं. दिवाळी अंक दिवाळीतच प्रकाशित व्हावा हा शहरी हट्ट आहे. वेल्ह्यात आणि भोरच्या पश्चिम भागात त्या दिवसांत भात कापणीला आलेलं असतं. कापणी, झोडणी, वर पावसाचा भरवसा नाही. अशा वेळी ऐकायला कोण येणार? मग रिकाम्या खुर्च्यांचे फोटो काढून ‘ग्रामीण भागात साहित्याविषयी अनास्था’ असा लेख लिहायला आपण मोकळे. आषाढात भातलावणी, तेव्हाही तेच. भात घरात आलं की, मार्गशीर्षापासून पुढे, माणसं मोकळी असतात. चैत्रात गावोगावच्या जत्रा लागतात, त्याच्या आत कार्यक्रम उरकावा. जत्रेतल्या तमाशाशी आपला अंक स्पर्धा करू शकणार नाही, आणि करूही नये.

जागा साधी चालेल. शाळेचा व्हरांडा, देवळाचा सभामंडप, वाचनालय असेल तर वाचनालय. मंचावर खुर्च्यांची रांग नको, सत्कार नकोत. अंकातल्या दोन कथांचे तुकडे, सहा-सात कविता, मग गाणं. मधे चहा. अंकाच्या पन्नासेक प्रती कमी किमतीत ठेवा आणि एकेक प्रत तालुक्यातल्या शाळांना देऊन या. पुढच्या अंकात या दोन तालुक्यांतून आलेलं काही छापलं गेलं, तरच हा कार्यक्रम झाला म्हणायचा. नाहीतर ती सहल होती.

दिवाळी अंकांच्या संपादकांना यंदा एवढीच विनंती. पाहुण्यांची तारीख मिळवण्याआधी गावातल्या भजनी मंडळाची तारीख विचारा. आणि कार्यक्रमाची वेळ ठरवताना शेवटच्या एसटीची वेळ आधी पाहा. वाड्या-वस्त्यांवरून आलेल्या माणसांना तिनंच परत जायचं असतं.