आर्म लिफ्ट: वण दाखवत नसतील, तर तो निकाल नव्हे

दंडाची लोंबणारी कातडी निघावी, पण वण राहू नये, असे ऑपरेशन जगात नाही. हे वाक्य तुम्हाला जाहिरातीत सापडणार नाही, म्हणून सुरुवातीलाच लिहितो.

वजन बरेच घटल्यावर किंवा वयामुळे दंडाखालची कातडी सुटते. व्यायामाने स्नायू भरतात, पण खूप सैल झालेली कातडी आक्रसत नाही. ती कापूनच काढावी लागते. यालाच ब्रॅकिओप्लास्टी किंवा ‘आर्म लिफ्ट’ म्हणतात. कातडी जास्त असेल तर काप काखेपासून कोपराजवळपर्यंत, दंडाच्या आतल्या किंवा मागच्या बाजूने जातो. म्हणजे सौदा सरळ आहे: सैल कातडी जाते, लांब वण येतो. अनेकांना हा सौदा पटतो, त्यात गैर काही नाही. गैर आहे ते अर्धा सौदा लपवणे.

मोबाइलवरच्या ‘आधी-नंतर’ फोटोंत बहुधा हेच चालते. फोटो समोरून, हात खाली, वण झाकलेला. फोटो कितव्या महिन्यातला, तेही लिहिलेले नसते. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारसंहितेने डॉक्टरने जाहिरात करून रुग्ण ओढणे अनैतिक ठरवले आहे. तरी ‘बिनवणाचे दंड’ राजरोस विकले जातात. लूट फक्त पैशाची नाही, अपेक्षेचीही होते. वण दिसला की बाईला वाटते, माझेच काहीतरी बिघडले.

खरे काय होते ते ऐका. पहिले काही आठवडे सूज आणि काळेनिळेपणा असतो. बरीचशी सूज सहा आठवड्यांत उतरते, उरलेली जायला काही महिने लागतात. वण सुरुवातीचे काही महिने उलट जास्त लालसर, कडक आणि खाजरा होतो. तो फिका आणि मऊ व्हायला १२ ते १८ महिने जातात. आपल्या सावळ्या कातडीत तो जाड किंवा काळपट राहण्याची शक्यता जास्त. काहींच्या हाताला आतल्या बाजूने बधिरपणा राहतो. दोन्ही दंड तंतोतंत सारखे होत नाहीत, आणि वजन पुन्हा वाढले की कातडी पुन्हा ताणते. म्हणून वजन निदान सहा महिने स्थिर झाल्यावरच विचार करा.

‘आठवड्यात कामावर’ हे आश्वासन खुर्चीवरच्या कामाचे असते. आपल्या मानोऱ्यात काम म्हणजे सोयाबीनची सोंगणी, कापूस वेचणी, डोक्यावरचा हंडा. हात उंच करणे आणि ओझे उचलणे चार ते सहा आठवडे बंद ठेवावे लागते. तेवढे दिवस घरचे काम कोण करणार, ते आधी ठरवा. दंडाला घट्ट दाबपट्टी घालावी लागते. मे महिन्याच्या उन्हात ती सोसत नाही. दंडावर बांगड्या घालणाऱ्या बंजारा बहिणींनी त्या पुन्हा कधी चढवायच्या, हे सर्जनला जरूर विचारावे. अकोला, अमरावती किंवा नागपूरला ऑपरेशन केले, तर तपासणीच्या फेऱ्यांचा खर्चही धरा. निव्वळ सौंदर्यासाठीचा खर्च आरोग्य विमा सहसा देत नाही.

पैसे भरण्याआधी तीन गोष्टी मागा. एक, प्लास्टिक सर्जरीतली एम.सीएच. किंवा डी.एन.बी. पदवी. दोन, हात वर केलेले, वण दिसणारे, वर्षानंतरचे फोटो, रुग्णाच्या संमतीने दाखवलेले. तीन, पाणी साचले किंवा टाके उसवले तर कोण बघणार आणि खर्च कुणाचा, हे लेखी. स्तनाच्या कॅन्सरसाठी काखेतल्या गाठी काढल्या असतील, तर ते न विचारताही सांगा.

ऑपरेशननंतर एकच दंड झपाट्याने सुजला, ताप आला, पू आला किंवा दम लागला, तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका. लगेच दवाखाना गाठा.

वणाबद्दल विचारल्यावर जो डॉक्टर चिडतो, त्याच्याकडून उठून या. सैल दंड हा आजार नाही. तुम्हाला घाई नाही. घाई असलीच तर ती विकणाऱ्याला आहे.