तोळ्याचे माप आणि कापसाचा भाव

परभणी जिल्ह्यात कापसाचा भाव कोसळला, की एक जुना दाखला हमखास दिला जातो. १९७२ च्या सुमारास क्विंटलभर कापूस विकला, की तोळाभर सोने घरी येई. आज तेवढ्याच कापसात गुंजभरांचा हिशेब करावा लागतो! या उद्गारामागील व्यथा खरी आहे. माप मात्र फसवे आहे.

डॉलर आणि सोने यांची सांगड अमेरिकेने १९७१ मध्ये तोडली. दीर्घकाळ बांधून ठेवलेला सोन्याचा भाव त्यानंतर जगभर उसळला. या मापाने कापूसच काय, ज्वारीही कवडीमोल ठरते. शिवाय १९७२ हे मराठवाड्यातील भीषण दुष्काळाचे वर्ष. ज्या काळाला सुवर्णयुग म्हणून कुरवाळले जाते, त्याच काळात असंख्य माणसे दुष्काळी कामांवर खडी फोडीत होती. स्मृतीने तोळा तेवढा जपला. सुकडीवर काढलेले दिवस ती विसरली.

या विस्मरणाची किंमत शेतकरीच मोजतो. सोन्याशी बरोबरीची मागणी अवास्तव ठरविणे राज्यकर्त्यांना सोपे जाते आणि तिच्याबरोबर रास्त मागणीही झटकली जाते. स्वामिनाथन आयोगाने २००६ मध्ये उत्पादनखर्चावर किमान ५० टक्के अधिक हमीभावाची शिफारस केली होती. केंद्राने २०१८ मध्ये दीडपट भाव जाहीर केला. परंतु त्या खर्चात स्वतःच्या जमिनीचा खंड आणि स्वतःच्या भांडवलावरील व्याज धरलेले नाही. खरा वाद या वगळलेल्या रकमांचा आहे. तोळ्याच्या आठवणी काढून त्या रकमा पदरात पडणार नाहीत.