श्यामनंतरचे माधव वझे

मे २०२५ मध्ये माधव वझे यांचे निधन झाले. कुहीत आमच्या वर्गातल्या एका मुलीने तेव्हा विचारले, "सर, श्याम गेला म्हणतात. पण साने गुरुजी तर केव्हाच गेले ना?" वर्ग हसला. आम्हांला मात्र हसू आले नाही. गुरुजी गेले १९५० साली. आचार्य अत्र्यांचा 'श्यामची आई' आला १९५३ साली. लेखक, पुस्तकातला मुलगा आणि पडद्यावरचा मुलगा या तिघांना आपण एकच नाव देऊन टाकले आहे, आणि त्यातल्या तिसऱ्याला ते जन्मभर वागवावे लागले.

त्या चित्रपटाला राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक मिळाले. बालकलाकारासाठी राष्ट्रीय पुरस्कार तेव्हा नव्हता; तो १९६८ च्या चित्रपटांपासून सुरू झाला. वनमालाबाईंसमोर उभ्या राहिलेल्या त्या शाळकरी पोराच्या वाट्याला आले ते फक्त ओळखले जाणे. पुढे वझे पुण्यात इंग्रजीचे प्राध्यापक झाले आणि मराठी रंगभूमीचे एक साक्षेपी समीक्षक म्हणून दीर्घकाळ लिहीत राहिले. 'समांतर रंगभूमी : पल्याड-अल्याड' हे त्यांचे पुस्तक नाट्यशास्त्राच्या विद्यार्थ्याने टाळू नये असे आहे. 'श्यामची आई, आचार्य अत्रे आणि मी' हेही त्यांनी लिहिले. या शीर्षकात 'मी' सर्वांत शेवटी येतो. तो क्रम आम्हांला फार बोलका वाटतो. उतारवयात ते 'थ्री इडियट्स', 'डियर जिंदगी' अशा हिंदी चित्रपटांतही छोट्या भूमिकांत दिसले.

निधनाच्या बातम्यांत मात्र बहुतेक ठिकाणी श्याम पुढे आणि समीक्षक मागे. वृत्तपत्रांना दोष देऊन भागणार नाही. नाट्यसमीक्षा शिकवणाऱ्या आपल्यापैकी किती जणांनी वझ्यांचा एखादा लेख वर्गात वाचून दाखवला आहे? आम्ही स्वतः नाही. समीक्षकाची आपल्याकडे एवढीच किंमत असेल, तर बातमीदाराने तरी वेगळे काय लिहावे?

पण या आयुष्याचा सुविचार करून फळ्यावर लिहिण्याचा मोह आम्हांला नको आहे. 'पाहा, प्रसिद्धीच्या मागे न लागता ते शिकले' असे म्हणणे सोपे आहे. चित्रीकरण संपल्यावर परत जाण्यासाठी त्यांना शाळा होती, पुढे महाविद्यालय होते, भोवती पुस्तके वाचणारे शहर होते. आमच्या नागपुरात 'झुंड'साठी (२०२२) नागराज मंजुळे यांनी झोपडपट्ट्यांतली पोरे निवडली. अमिताभ बच्चन यांच्यासोबत ती पडद्यावर आली. त्यातल्याच एका तरुणाचा ऑक्टोबर २०२५ मध्ये नागपुरात खून झाला. पाच महिन्यांच्या अंतराने आलेल्या या दोन बातम्या. दोन्हींत माणसाच्या आधी चित्रपटाचे नाव. एकाला त्या नावाआड लपलेले मोठे काम तरी होते. दुसऱ्याला ते करायला वयच मिळाले नाही. त्या पोराला आम्ही बिघडलेला म्हणणार नाही आणि वझ्यांना सावरलेले म्हणणार नाही. दोघांच्या मागे उभे असलेले जग सारखे नव्हते, एवढेच आम्हांला दिसते. (नट म्हणून दोघांत डावे-उजवे करण्याचे इथे काही कारण नाही.)

२०२३ च्या चित्रपटांसाठीचे बालकलाकारांचे राष्ट्रीय पुरस्कार जाहीर झाले, तेव्हा त्यांत मराठी चित्रपटांतली मुले अनेक होती. त्रिशा ठोसर तर जेमतेम चार वर्षांची. 'नाळ'मधला आपल्या विदर्भाचा श्रीनिवास पोकळे याच मानाचा दुसऱ्यांदा धनी झाला. आम्हांला आनंद झालाच. पण या मुलांच्या शाळेचे काय, मिळालेल्या पैशाचे काय, विसाव्या वर्षी त्यांना त्यांच्या स्वतःच्या नावाने कोण हाक मारणार, हे टाळ्यांच्या गडबडीत कोणी विचारताना दिसले नाही.

त्या मुलीला आम्ही दुसऱ्या दिवशी वझ्यांचे रंगभूमीवरचे पुस्तक दिले. तिने नाव वाचले, पान उलटले आणि म्हणाली, "यात श्यामचा फोटो नाही."