सायलेन्सरचा धातू

धातू म्हटले की आम्हां मराठीच्या मास्तरांना 'कर', 'जा', 'बस' हेच आठवायचे. पण जुनी मोटार बाळगणाऱ्याला व्याकरणाबाहेरचे धातूही शिकावे लागतात. सायलेन्सर सडला की मिस्त्री विचारतोच, "साधा पत्रा टाकू, का स्टेनलेस?"

लोकांची समजूत अशी, की सायलेन्सर रस्त्यावरच्या चिखलपाण्याने गंजतो. गंजतो खरा, पण त्याचा मोठा वैरी घरातलाच. लिटरभर पेट्रोल जळले की जवळजवळ लिटरभर पाणी तयार होते! लांबच्या प्रवासात नळी तापते आणि त्याची वाफ निघून जाते. पण आमची स्वारी घरापासून कॉलेजपर्यंत, म्हणजे जेमतेम दोन किलोमीटर. नळी तापायच्या आत कॉलेज येते. पाणी मागच्या डब्यात साचते, त्यात धुरातली आम्ले मिसळतात आणि पत्रा आतून कुजू लागतो. म्हणजे गाडी जपून, थोडीथोडी वापरणाऱ्याचाच सायलेन्सर आधी जातो. आहे की नाही गंमत?

साधा पत्रा स्वस्त, पण अशा गाडीत तो फार दिवस काढत नाही. ॲल्युमिनियमचा मुलामा दिलेला बरा. मात्र जोड मारताना मुलामा जळतो आणि गंज नेमका तिथे धरतो. जस्ताच्या मुलाम्याचा इथे विचारच नको. जस्त ४२० अंशांना वितळते, आणि इंजिनाजवळ त्याहून कितीतरी जास्त धग असते.

राहिले स्टेनलेस. त्यातही दोन जाती. ४०९ नंबरच्या पोलादात क्रोमियम सुमारे ११ टक्के. ३०४ नंबरच्यात १८ टक्के, शिवाय ८ टक्के निकेल. क्रोमियमची अदृश्य साय वर धरते म्हणून आतले लोखंड वाचते. ४०९ ला लोहचुंबक चिकटतो. तेवढ्यावरून "हे खोटे स्टेनलेस" म्हणणाऱ्या शहाण्याचे ऐकू नये. ते वरून तांबूस होते, दिसायला सुमारच. पण आरपार सहसा सडत नाही. ३०४ चकचकीत राहते, पण महाग, आणि तापल्यावर दीडपट फुगते, त्यामुळे आवळलेल्या जोडांवर ताण येतो. समुद्राकाठच्या खाऱ्या हवेत राहणाऱ्याने ते जरूर घ्यावे. माझ्यासारख्या घाटावरच्या माणसाला ४०९ पुरे.

एवढा काथ्याकूट पैशांसाठीच नव्हे. नळीला बैठकीखाली भोक पडले तर कार्बन मोनॉक्साइड आत शिरू शकतो. त्याला ना रंग, ना वास. काचा बंद, मागे मुले झोपलेली. ती झोपली आहेत की गुंगली आहेत, हे कळायचे कसे? म्हणून आवाज बदलला की गाडी त्याच दिवशी वर उचलून पाहावी. तिथे लांबी भरून काम भागवू पाहणाऱ्याला साफ नाही म्हणावे. तेवढा तुकडा बदलूनच घ्यावा. आणि जोड मारताना समोर उभे राहावे. स्टेनलेसला साध्या लोखंडाची कांडी लावली, तर नळी शाबूत राहते आणि टाकाच गंजतो.